कडीत कडी

[लोखंडाच्या बारीक कड्या एकमेकींत गुंफून पूर्वी लढाईत घालायचे चिलखत बनवत असत. उर्दूत त्याला आपण 'जिरह' म्हणतो. ही जिरह कशी तयार होत असे, तिच्यात एवढी ताकद कोठून येत असे आणि त्याच पद्धतीने तुम्हांला आज काय बनवता येईल, हे या पाठात सांगितले आहे.]

विद्यार्थी मित्रांनो, आज सकाळी घरातून निघताना तुमच्यापैकी कोणीतरी दाराची कडी लावली असेल. 'कडी' हा शब्द मराठीत आहे, तसाच तो उर्दूतही आहे. पुष्कळ कड्या एकीत एक अडकवल्या, की साखळी तयार होते. तिला उर्दूत आपण 'जंजीर' म्हणतो. झोपाळ्याची साखळी, फाटकाची साखळी, अम्मीच्या गळ्यातली बारीक साखळी, अशा कितीतरी साखळ्या आपण रोज पाहतो.

साखळीतली कोणतीही एक कडी नीट पाहा. तिला दोनच शेजारी असतात, एक पुढचा आणि एक मागचा. म्हणून साखळी फक्त लांबीने वाढते. आता अशी कल्पना करा, की एका कडीत दोन नव्हे, तर चार कड्या अडकवल्या आहेत. दोन वरच्या बाजूला आणि दोन खालच्या बाजूला. त्या चारही कड्यांत पुन्हा आणखी कड्या अडकवल्या आहेत. मग काय होईल? मग ती साखळी राहणार नाही. ती लांबीने वाढेल आणि रुंदीनेही वाढेल. ते एक कापड होईल. लोखंडाचे कापड! त्याची घडी घालता येईल, ते खांद्यावरून लोंबेल, हात वाकवला की वाकेल.

अशा लोखंडी कापडाचा अंगरखा म्हणजेच जिरह. मराठीत त्याला 'चिलखत' म्हणतात. 'बख्तर' हा शब्दही दोन्ही भाषांत आहे. मराठी पुस्तकांत तुम्ही 'जिरेटोप' हा शब्द वाचला असेल. लढाईत डोक्याचे रक्षण करणारा टोप म्हणजे जिरेटोप. 'जिरह' आणि 'टोप' हे दोन शब्द जोडून तो तयार झाला आहे. म्हणजे आपल्या घरी बोलला जाणारा एक शब्द मराठीत किती सहज मिसळून गेला आहे, पाहा!

ही कला फार जुनी आहे. युरोपात केल्ट नावाचे लोक राहत होते. सुमारे २३०० वर्षांपूर्वीच्या त्यांच्या चिलखताचे अवशेष रोमानिया देशातल्या एका थडग्यात सापडले आहेत. पुढे रोमन सैनिकांनी अशी चिलखते वापरली. इराण आणि मध्य आशियातल्या कारागिरांनीही ही कला खूप वाढवली. आपल्या देशात सुलतानांच्या आणि मुघलांच्या काळात घोडेस्वार जिरह घालत. अकबर बादशाहाच्या दरबारातला विद्वान अबुल फज़ल याने 'आईन-ए-अकबरी' हा ग्रंथ लिहिला. त्यात शाही शस्त्रागारातल्या वस्तूंची यादी आहे. त्या यादीत जिरह आहे, बख्तर आहे आणि 'चार आईना'ही आहे. चार आईना म्हणजे काय, ते आपण पुढे पाहूच.

आता जिरह बनवणाऱ्या कारागिराच्या दुकानात डोकावू या. त्या कारागिराला 'जिरहगर' म्हणत. त्याचे पहिले काम तार तयार करण्याचे. त्या काळी बाजारात आजच्यासारखे तारेचे भेंडोळे सहज विकत मिळत नसे. लोखंडाची कांब भट्टीत तापवायची, हातोड्याने ठोकून बारीक करायची. मग एक पोलादी पट्टी घ्यायची. तिला ओळीने भोके पाडलेली असत. पहिले भोक मोठे, दुसरे त्याहून लहान, तिसरे त्याहूनही लहान. कांबेचे टोक भोकातून घालून पलीकडून जोराने ओढायचे. असे एकेका भोकातून ओढत गेले, की तार बारीक आणि गुळगुळीत होत जाई. ओढून ओढून तार कडक होते आणि तुटू लागते. म्हणून ती मधून मधून तापवून हळूहळू थंड होऊ द्यावी लागे. मग ती पुन्हा मऊ होई.

दुसरे काम कड्या पाडण्याचे. तार एका सरळ सळईभोवती चिकटून चिकटून गुंडाळली, की तिचा स्प्रिंगसारखा वेटोळा होतो. तो वेटोळा सळईवरून काढून छिन्नीने एका रेषेत तोडला, की एकेक वेढ्याची एकेक कडी सुटी होते. सगळ्या कड्या एकाच सळईवर झाल्या, म्हणून सगळ्या एकाच मापाच्या होतात. या कामात माप फार महत्त्वाचे आहे. कडी मोठी झाली, तर तिच्यातून बाणाचे टोक आत शिरेल. कडी लहान झाली, तर तिच्यात चार कड्या मावणार नाहीत आणि कापड ताठ होईल.

तिसरे काम सर्वांत अवघड. कडीचे तोंड नुसते दाबून बंद केले, तर तलवारीच्या एका जोरदार घावाने ते उघडेल. म्हणून जिरहगर कडीची दोन टोके एकमेकांवर आणी, हातोडीने चपटी करी, त्यांना बारीक भोक पाडी, त्या भोकात टाचणीएवढा खिळा घाली आणि तो ठोकून पक्का करी. याला रिव्हेट मारणे म्हणतात. लोखंडी पुलांवर आणि जुन्या कपाटांवर तुम्ही रिव्हेट पाहिले असतील. तेच काम, पण करंगळीच्या नखापेक्षा लहान जागेत!

हे कष्ट थोडे कमी करण्यासाठी कारागिरांनी एक युक्ती काढली होती. काही जिरहांत अर्ध्या कड्या मुळातच अखंड असत. त्यांना तोंडच नसे. एक ओळ अखंड कड्यांची आणि एक ओळ रिव्हेट मारलेल्या कड्यांची, अशी मांडणी ते करत. रिव्हेटची एक कडी चार अखंड कड्यांना धरून ठेवी. त्यामुळे निम्म्याच कड्यांना रिव्हेट मारावे लागे आणि मजबुती मात्र कमी होत नसे.

एका अंगरख्यात किती कड्या लागत असतील? वीस-तीस हजार, कधी त्याहूनही अधिक. जरा हिशोब करून पाहा. एक कडी जोडायला एकच मिनिट लागते, असे धरू. वीस हजार कड्यांना वीस हजार मिनिटे लागतील. म्हणजे ३३३ तास. रोज आठ तास काम केले, तर सुमारे ४२ दिवस. यात तार ओढण्याचा आणि कड्या पाडण्याचा वेळ धरलेलाच नाही. आणि रिव्हेट मारायला एक मिनिट पुरत नाही, हे वेगळेच.

मित्रांनो, या कामाचा मान किती मोठा आहे, ते तुम्हांला एका गोष्टीवरून कळेल. हजरत दाऊद अलैहिस्सलाम पैगंबर होते आणि बादशाहही होते. अल्लाहने त्यांच्यासाठी लोखंड मऊ केले आणि त्यांना जिरह बनवण्याची कला शिकवली, असे कुरआन शरीफमध्ये सांगितले आहे. सूरह सबामध्ये या कामाचा उल्लेख आहे. तिथे कड्यांचे माप बरोबर राखण्याचीही आज्ञा आहे. हजरत दाऊद आपल्या हातच्या कमाईवर जगत, असे हदीसमध्ये आले आहे. राज्य हाती असताना त्यांनी हाताने काम करणे कमीपणाचे मानले नाही. आणि आज्ञा झाली ती कशाची? लहानशा कडीच्या मापाची!

जिरह अंगावर असली, की तलवारीची धार आतपर्यंत पोहोचत नसे. घाव एका जागी बसला, तरी त्याचा जोर आजूबाजूच्या कड्यांवर वाटला जाई. एका कडीला चार कड्यांनी धरलेले असते, त्या चौघींना आणखी कितीतरी जणींनी. पण लोखंडी कापड शेवटी कापडच! घाव कापत नसला, तरी त्याचा मार लागतोच. हाड मोडू शकते. म्हणून जिरहच्या आत कापूस भरून शिवलेला जाड अंगरखा घालत असत. अणकुचीदार भाला किंवा सुईसारखे टोक असलेला बाण मात्र कधी कधी कडी फोडून आत जाई. त्यासाठी छातीवर, पाठीवर आणि दोन्ही कुशींवर पोलादाचे एकेक पत्रे बांधत. हे पत्रे घासून आरशासारखे चमकवलेले असत. चार पत्रे, म्हणजे जणू चार आरसे. हाच तो 'चार आईना'! कोपरापासून मनगटापर्यंत हाताला पोलादी नळी बांधत, तिला 'दस्ताना' म्हणत.

जिरहचे वजन दहा किलोच्या आसपास असे. सगळा भार खांद्यांवर येऊ नये, म्हणून कमरेला पट्टा आवळून बांधत. लोखंडाला गंज चढतो, म्हणून तेल लावावे लागे. युरोपात तर चिलखत वाळूबरोबर पिपात घालून ते पीप गडगडवत नेत. वाळूने घासून गंज निघून जाई.

महाराष्ट्राच्या इतिहासात चिलखताची एक प्रसिद्ध आठवण आहे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी छत्रपती शिवाजी महाराज आणि विजापूरचा सरदार अफझलखान यांची भेट झाली. त्या वेळी महाराजांनी अंगरख्याच्या आत चिलखत घातले होते. कट्यारीचा वार झाला, तो त्या चिलखतावर अडला, असे इतिहासकार सांगतात. या प्रसंगातल्या वीरांची नावे आपल्याला पाठ असतात. पण त्या चिलखताच्या कड्या कोणी जोडल्या? त्या कारागिराचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत आढळत नाही. आपण जोडलेली कडी कोणाच्या अंगावर जाणार आहे, तिच्यावर कधी आणि कोठे वार पडणार आहे, हे त्या कारागिरालाही ठाऊक नव्हते. त्याने एकच केले. समोरची कडी नीट बंद केली. मग दुसरी घेतली.

जिरह नेहमी काळी आणि ओबडधोबडच असे, असे मात्र समजू नका. आपल्या देशातल्या कारागिरांनी तिच्यात नक्षीही आणली. लोखंडाच्या कड्यांमध्ये पितळेच्या पिवळ्या आणि तांब्याच्या लालसर कड्या गुंफून त्यांनी शंकरपाळ्यांसारखे चौकोन उठवले. अशा जिरहला 'गंगाजमनी' म्हणतात. काही जिरहांच्या कड्यांवर तर अल्लाहची नावे आणि दुवा उमटवलेल्या आहेत. तांदळाच्या दाण्याहून थोड्याशाच मोठ्या जागेत अक्षरे! अशा नक्षीच्या पुष्कळ जिरहांत रिव्हेट नसे, कड्यांची तोंडे नुसती जुळवलेली असत. त्या लढाईपेक्षा मिरवणुकीत आणि दरबारात अधिक शोभत.

पुढे बंदुका आल्या. बंदुकीच्या गोळीपुढे जिरहचे चालेना. हळूहळू जिरह संग्रहालयात जाऊन बसली. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अकबर बादशाहाचे पोलादी कवच आणि ढाल ठेवलेली आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आणि हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातही जुनी शस्त्रे आणि संरक्षणाची साधने पाहायला मिळतात. तेथे गेलात आणि जिरह दिसली, तर लांबूनच पुढे जाऊ नका. काचेजवळ थांबा आणि एकच कडी शोधून तिचे रिव्हेट पाहा.

पण ही विणकामाची रीत संपलेली नाही. मोठ्या कारखान्यांत मांस कापणारे कामगार हातात स्टेनलेस स्टीलच्या कड्यांचा मोजा घालतात. सुरी निसटली, तरी बोट वाचते. समुद्रात शार्क माशांजवळ जाणारे पाणबुडे अशाच कड्यांचा पोशाख घालतात. या कड्या यंत्राने बनतात आणि त्यांची तोंडे वितळवून जोडतात, पण गुंफण तीच आहे. दागिन्यांतही कडीचे राज्य आहे. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले हुपरी गाव चांदीच्या पैंजणांसाठी प्रसिद्ध आहे. पैंजण हातात घेऊन पाहा. त्यातही कडीला कडी जोडलेली असते.

आता तुम्हीच एक लहानसे काम करून पाहा. आपण लढाईला जाणार नाही, म्हणून जिरह नको. तांब्याच्या तारेची मनगटी पट्टी बनवू या. एक मिलिमीटर जाडीची दोन मीटर तांब्याची तार, पाच मिलिमीटर जाडीची एक गुळगुळीत सळई, तार तोडायची कात्री आणि निमुळत्या टोकाच्या दोन पकडी एवढे साहित्य पुरे. तार तोडताना तुकडा उडून डोळ्यात जाऊ शकतो. म्हणून तोडताना वेटोळ्यावर फडके धरा आणि शिक्षकांना किंवा घरातल्या मोठ्या माणसांना जवळ बसवा.

तार सळईभोवती गुंडाळा आणि एकेक वेढा तोडून कड्या पाडा. टोके टोचत असतील, तर कानशीने घासा. आता कडी उघडण्याची रीत शिका. कडीच्या तोंडाच्या दोन्ही बाजू दोन पकडींत धरा. एक हात आपल्याकडे घ्या आणि दुसरा पलीकडे न्या. तोंड दोन बाजूंना ताणून फाकवू नका. तसे केले, तर कडीचा गोल आकार बिघडतो आणि तो पुन्हा जुळत नाही. बंद करतानाही हात उलट दिशेने फिरवा. टोके एकमेकांना किंचित ओलांडू द्या आणि मग मागे आणा. दोन्ही टोके समोरासमोर आली, की बारीकसा 'टक्' असा आवाज येतो. तो ऐकायला शिका.

चार कड्या बंद करून ठेवा. पाचवी कडी उघडा. तिच्यात त्या चारही कड्या अडकवा आणि ती बंद करा. आता ती मेजावर पसरा. मधली कडी एक, तिच्या डावीकडे दोन आणि उजवीकडे दोन. पुढे प्रत्येक वेळी तीनच कड्या लागतील. दोन बंद कड्या नव्या कडीत घाला, ती कडी उजवीकडच्या दोन्ही कड्यांतून ओवा आणि बंद करा. नव्या दोन कड्यांपैकी एक वर आणि एक खाली अशी पसरा. असे करत गेलात, की तीन ओळींची पट्टी वाढू लागेल. मधल्या तीस कड्या झाल्या, की पट्टी मनगटाभोवती धरून पाहा. सैल वाटली, तर कमी करा आणि आखूड वाटली, तर वाढवा. शेवटी तारेचा लहानसा आकडा वाकवून दोन्ही टोके अडकवा.

हे सगळे मी तुम्हांला अनुभवाने सांगत आहे. मी पहिल्यांदा अशी पट्टी बनवली, तेव्हा माझ्या धाकट्या बहिणीला ती ईदची भेट म्हणून दिली. सकाळी तिने ती मोठ्या हौसेने घातली आणि मैत्रिणींना दाखवायला गेली. दुपारी ती परत आली, तेव्हा मनगट मोकळे होते. तिने मूठ उघडली. मुठीत पट्टीचे दोन तुकडे होते आणि एक सुटी कडी होती. "भाईजान, ही एकटीच उघडली," ती हळूच म्हणाली. तिने तक्रार केली नाही. पण मला फार वाईट वाटले. कारण ती कडी मला आठवत होती. रात्र झाली होती, मी कंटाळलो होतो. तोंडात केसाएवढी फट राहिली होती, ती मी पाहिली होती. 'एवढ्याने काय होते?' असे म्हणून मी पुढची कडी घेतली होती.

त्या रात्री मी दिव्याखाली बसून पट्टीच्या सगळ्या ९२ कड्या तपासल्या. शिवणाचा बारीक दोरा प्रत्येक कडीच्या जोडावरून ओढत गेलो. दोरा अडकला किंवा आत गेला, की कडी उघडी आहे असे समजायचे. आणखी सात कड्या उघड्या निघाल्या! म्हणजे 'ही एकटीच उघडली' हे खरे नव्हते. बाकीच्या सात जणी आपली पाळी यायची वाट पाहत होत्या.

माझ्या चुकीने एका लहान मुलीचा ईदचा आनंद थोडा कमी झाला, एवढेच. दुसऱ्या दिवशी मी पट्टी दुरुस्त करून दिली. पण जिरहगराला दुसरा दिवस मिळत नसे. त्याने 'एवढ्याने काय होते?' असे म्हटले असते, तर ज्याच्या अंगावर ती जिरह होती, त्याला परत येऊन तक्रारही करता आली नसती.

म्हणून मित्रांनो, पट्टी बनवाल, तेव्हा शेवटी दोरा ओढून पाहायला विसरू नका. आणि ही गोष्ट फक्त तारेच्या कामाची नाही. भिंतीतली एक वीट, औषधाच्या पुडीवर लिहिलेला एक आकडा, गणितातली एक पायरी, या सगळ्या कड्याच आहेत. त्या कोणाच्या अंगावर जातील, ते आपल्याला ठाऊक नसते. समोरची कडी नीट बंद करणे मात्र आपल्या हातात असते.

शब्दार्थ

चिलखत – जिरह
कांब – लोखंडाची जाड सळई
भेंडोळे – गुंडाळून ठेवलेली वस्तू, गुंडाळी
वेटोळा – गोल गोल गुंडाळलेला आकार
छिन्नी – धातू तोडायचे पोलादी हत्यार
कानस – धातू घासायचे खरखरीत हत्यार
अणकुचीदार – टोकदार
कूस – शरीराची बाजू
कट्यार – दुधारी लहान शस्त्र, खंजीर
पाणबुडा – पाण्याखाली जाऊन काम करणारा माणूस
हौस – आवड, शौक
फट – दोन वस्तूंमधली बारीक मोकळी जागा

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) साखळीतल्या एका कडीला किती शेजारी असतात?
(२) 'जिरेटोप' हा शब्द कोणत्या दोन शब्दांपासून तयार झाला आहे?
(३) जिरह बनवणाऱ्या कारागिराला काय म्हणत?
(४) जिरहच्या आत कोणता अंगरखा घालत असत?
(५) चांदीच्या पैंजणांसाठी कोणते गाव प्रसिद्ध आहे?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) जिरहमध्ये कडीचे माप महत्त्वाचे का असते?
(२) काही जिरहांत अर्ध्या कड्या अखंड का ठेवत?
(३) 'चार आईना' हे नाव कशावरून पडले?
(४) कडीचे तोंड ताणून का फाकवू नये?
(५) "बाकीच्या सात जणी आपली पाळी यायची वाट पाहत होत्या." या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.

प्र. ३. कारणे लिहा.
(१) तार ओढताना ती मधून मधून तापवावी लागे.
(२) जिरह घातल्यावर कमरेला पट्टा बांधत.
(३) लेखकाला आपल्या बहिणीसमोर फार वाईट वाटले.

प्र. ४. योग्य जोड्या लावा.
'अ' गट : (१) गंगाजमनी (२) दस्ताना (३) रिव्हेट (४) स्टेनलेस स्टीलचा मोजा
'ब' गट : (अ) बारीक खिळा (आ) बोटांचे रक्षण (इ) निरनिराळ्या धातूंच्या कड्यांची नक्षी (ई) कोपरापासून मनगटापर्यंत बांधायची पोलादी नळी

प्र. ५. रिकाम्या जागा भरा.
(१) हजरत दाऊद आपल्या ........ कमाईवर जगत.
(२) लोखंडाला ........ चढतो, म्हणून जिरहला तेल लावत.
(३) बंदुकीच्या ........ जिरहचे चालेना.

प्र. ६. खालील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा.
हौसेने, कंटाळणे, वाट पाहणे, कमीपणाचे मानणे

भाषाभ्यास

(१) वाचा आणि लक्षात ठेवा : कडी – कड्या, पट्टी – पट्ट्या, साखळी – साखळ्या.
याप्रमाणे पुढील शब्दांची अनेकवचने लिहा : छिन्नी, नळी, भट्टी.
(२) कड्या, जिरह, दस्ताना, दुवा, आईना, जंजीर यांपैकी कोणते शब्द पाठात मराठी वाक्यांत आले आहेत? ती वाक्ये शोधून लिहा.

गणित करून पाहा

पट्टीच्या सुरुवातीला पाच कड्या लागतात आणि पुढे प्रत्येक वेळी तीन. मधल्या तीस कड्या असतील, तर एकूण किती कड्या लागतील? पाठातल्या संख्येशी उत्तर ताडून पाहा.

उपक्रम

(१) शिक्षकांच्या मदतीने कार्यानुभवाच्या तासाला तांब्याच्या तारेची पट्टी तयार करा. आपली पट्टी शेजारच्या विद्यार्थ्याला द्या आणि त्याची तुम्ही घ्या. दोरा ओढून एकमेकांच्या कड्या तपासा.
(२) तुमच्या वस्तीतल्या सोनार, लोहार किंवा वेल्डिंग करणाऱ्या कारागिराला भेटा. 'आपले काम पक्के झाले, हे तुम्ही कसे तपासता?' असे त्यांना विचारा आणि त्यांचे उत्तर मराठीत पाच वाक्यांत लिहा.